शंका-समाधान : ‘विक्रांत’ कोणत्या युद्धाच्या रकान्यात?

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनासाठी आम्ही युद्धनौकांच्या वर्गांचा, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या नौकांच्या गटांचा, तक्ता करत आहोत. पहिले महायुद्ध, दुसरे महायुद्ध आणि त्यानंतरचा काळ असे रकाने पाडले आहेत. जुनी विमानवाहू ‘विक्रांत’ ब्रिटिश मॅजेस्टिक वर्गातली. हा वर्ग काही याद्यांत दुसऱ्या महायुद्धात दिसतो, पण नौका तर १९६१ची. ती कुठे टाकावी?

उत्तर : एकाच तारखेवर भिस्त ठेवली की हा घोळ होतो. नौकेच्या तीन तारखा तरी पाहाव्यात : बांधणीची सुरुवात, जलावतरण आणि नौदलात दाखल झाल्याची. ‘विक्रांत’ची बांधणी ‘हर्क्युलिस’ या नावाने १९४३ मध्ये सुरू झाली. ती पाण्यात उतरली २२ सप्टेंबर १९४५ रोजी. जपानने शरणागतीवर सही केली त्याला तेव्हा वीस दिवस झाले होते. पुढच्या वर्षी काम थांबले. १९५७ मध्ये भारताने ती अर्धवटच विकत घेतली, बेलफास्टला तिरकी धावपट्टी आणि विमानाला उड्डाणासाठी जोर देणारे वाफेचे कॅटपल्ट बसवून घेतले आणि ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात आली. म्हणजे आराखडा महायुद्धाचा, सेवा नंतरची.

या वर्गातल्या सहांपैकी एकही नौका महायुद्धात लढली नाही. ‘टेरिबल’ ही ‘सिडनी’ नावाने ऑस्ट्रेलियाकडे गेली आणि कोरियात लढली; ‘लेव्हायथन’ तर पुरी झालीच नाही. म्हणून वर्गापुढे फक्त आराखड्याचा काळ लिहा. युद्धाचा रकाना प्रत्येक नौकेपुढे स्वतंत्र हवा, तिथे ‘विक्रांत’साठी १९७१ येईल.

प्रश्न : ‘दिल्ली’ आणि ‘निलगिरी’ दोन्ही लिअँडर वर्गातल्या कशा?

उत्तर : नाव एक, वर्ग दोन. जुनी ‘दिल्ली’ ही १९३०च्या दशकातली, सहा इंची आठ तोफांची क्रूझर. ‘अकिलीस’ असताना ती डिसेंबर १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेशी लढली. ‘निलगिरी’ माझगाव गोदीत बांधलेली फ्रिगेट (क्रूझरहून लहान युद्धनौका), १९७२ची. ‘दिल्ली’ १९७८ मध्ये निवृत्त झाली, त्यामुळे सहा वर्षे दोन्ही ‘लिअँडर’ एकाच नौदलात होत्या! नुसते ‘लिअँडर’ लिहू नका. पुढे क्रूझर की फ्रिगेट आणि दशक जोडा.

प्रश्न : पाकिस्तानची ‘गाझी’?

उत्तर : अमेरिकेच्या टेंच वर्गातली पाणबुडी, मूळ नाव ‘डियाब्लो’, मार्च १९४५ मध्ये दाखल. वर्ग दुसऱ्या महायुद्धात. ‘गाझी’पुढे १९६५ आणि १९७१.