दोनशेपर्यंत भाग गेला नाही, मग मूळ संख्याच ना?

प्रश्न : २ चा ३२ वा घात घेऊन त्यात १ मिळवला तर ४२९४९६७२९७ आले. कॅल्क्युलेटरवर २०० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं, एकीनेही पूर्ण भाग जात नाही. ही मूळ संख्या समजू का? का अजून भागत बसू?

उत्तर : नाही हो, मूळ नाहीये ती. पण वाईट वाटून घेऊ नका, सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा, खुद्द तोही इथेच फसलाय. घात १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत गेलं आणि दर वेळी १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५५३७ येतात, सगळ्या मूळ, त्यामुळे १६४० च्या सुमारास त्याला वाटायला लागलं की पुढच्याही मूळच निघणार. तुमची संख्या ह्या रांगेतली सहावी. १७३२ मध्ये ऑयलर ह्या स्विस गणितीनं दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो, भागाकार ६७००४१७.

आता कितीपर्यंत भागायचं? सरळ हिशोबाने वर्गमूळापर्यंत, म्हणजे ६५५३६ पर्यंत, आणि तिथवर मूळ संख्या आहेत ६५४२, कोण करत बसणार एवढं! पण शॉर्टकट आहे. समजा एका मूळ संख्येने तुमच्या संख्येला भाग जातो, तर तिने २ च्या ३२ व्या घाताला भागल्यावर बाकी उणे १ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो), म्हणून ६४ व्या घाताला बाकी १, आणि त्याआधीच्या कुठल्याच घाताला १ येत नाही. मग फर्माचा छोटा सिद्धांत (मूळ संख्येतून १ वजा करून येईल तेवढा २ चा घात घेऊन त्याच मूळ संख्येने भागला की बाकी १ उरते) लावला की त्या मूळ संख्येतून १ वजा करून जे उरतं त्याला ६४ ने भाग जायलाच लागतो. म्हणजे ६४ च्या पाढ्यात १ मिळवत जायचं, ६५ बाद, १२९ बाद (३ ने जातो), मूळ म्हणून उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१...

२५७ तर न भागताच उडतो, कारण रांगेतल्या पहिल्या पाचांचा गुणाकार होतो ४२९४९६७२९५, तुमच्यापेक्षा फक्त २ ने कमी, म्हणजे बाकी २ च येणार (३२ बिटमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा हाच, कॉम्प्युटरवाल्यांना ओळखीचा असेल). १९३ ने बाकी १०९, ४४९ ने ३२५, ५७७ ने २८८, ६४१ ने शून्य. संपलं, चार भागाकार! तुम्ही २०० पर्यंत ४६ केलेत, त्यातला कामाचा फक्त १९३ चा. आणि मला कायम अजब वाटतं ते हे की सिद्धांत फर्माचाच, तरी ६४१ त्याच्याच हातून निसटला.

रांगेत ६५५३७ च्या पुढे आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. कॅल्क्युलेटर हातात आहेच तर ६७००४१७ मूळ आहे का तेही बघून टाका, तिला पण तोच ६४ चा नियम लागतो, वर्गमूळ २५८८ च्या आसपास, त्यामुळे ६४१ पासून सुरू केलंत तर सात भागाकारात काम होतं.