हद्दीबाहेरचा मालक: जिनिव्यातल्या कराराची मागणी बेळगावातून कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा: निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या ऊसतोड टोळ्या आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले फाउंड्री (ओतकाम) कामगार यांच्यात काम करणाऱ्या एका गटाला, बहुराष्ट्रीय कंपन्यांना मानवाधिकारांबाबत कायद्यानं बांधणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारासाठी आवाज उठवायचा आहे. कंपन्यांच्या आचारसंहिता आहेतच, मग करार कशाला? आणि हवा असेल तर इथून करता काय येईल?

आधी ‘कशाला’ ते पाहू. बीडकडून टोळी येते. उचल मुकादमानं तिकडं दिलेली, करारही तिकडच्या स्टँपपेपरवर, कोयता मात्र चालतो रायबाग-अथणीच्या फडात. पैसे बुडाले किंवा मजुरांना अडकवून ठेवलं, की इथं सांगतात व्यवहार महाराष्ट्रातला आणि तिथं सांगतात घटना कर्नाटकातली. सीमाभागातल्या माणसाला ‘हद्द’ म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. परदेशी खरेदीदाराच्या बाबतीत दोन राज्यांच्या जागी दोन देश येतात, एवढाच फरक.

भोपाळचं पाहा. वायुगळती १९८४ ची. पीडितांचे दावे अमेरिकेत गेले, तेव्हा न्यूयॉर्कच्या न्यायालयानं १९८६ मध्ये ‘यासाठी भारतातली न्यायालयंच योग्य’ म्हणून ते परत पाठवले. या युक्तिवादाला फोरम नॉन कन्व्हिनियन्स म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागेल. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. कारखान्याच्या मूळ अमेरिकी कंपनीचे, युनियन कार्बाइडचे, अध्यक्ष वॉरन अँडरसन भारतातल्या खटल्याला कधीच हजर झाले नाहीत. भरपाई वाढवून मागणारी केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये फेटाळली.

आचारसंहितांचं म्हणाल तर २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून १,१३४ जण मेले, तेव्हा त्या इमारतीतल्या काही कारखान्यांचं सामाजिक ऑडिट आधीच होऊन गेलेलं होतं. त्यानंतर फरक पडला तो कामगार संघटना आणि ब्रँड यांच्यातल्या ‘अकॉर्ड’ या कारखाना-सुरक्षेच्या करारामुळं, कारण तो सही करणाऱ्याला बांधणारा होता. आपल्या शेजारी तमिळनाडूत दिंडिगलच्या कापड कामगार महिलांच्या संघटनेनं २०२२ मध्ये लैंगिक छळाविरुद्ध असाच बंधनकारक करार मिळवला. संयुक्त राष्ट्रांची २०११ ची ३१ मार्गदर्शक तत्त्वं चांगली आहेत, पण ती मोडली म्हणून कुणावर दावा करता येत नाही.

‘फ्रान्स-जर्मनीनं कंपन्यांवर पुरवठा साखळीची जबाबदारी टाकणारे कायदे केलेत की’ असंही कुणीतरी म्हणेल. फ्रान्सचा कायदा २०१७ चा, जर्मनीचा २०२३ पासून लागू. युरोपीय संघाचा निर्देश २०२४ मध्ये आला आणि २०२५ मध्येच त्याची अंमलबजावणी पुढं ढकलून व्याप्ती कापायची प्रक्रिया सुरू झाली. एका संसदेनं दिलेलं तीच संसद काढूनही घेते, आणि तिच्या मतदारांत आपला फेटलिंगवाला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणारा कामगार, नसतो. म्हणून अनेक देशांना एकदम बांधणारा करार हवा.

आता कराराची स्थिती. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेनं २६ जून २०१४ ला ठराव २६/९ मंजूर केला. इक्वेडोर आणि दक्षिण आफ्रिकेनं तो मांडला होता. बाजूनं २०, विरुद्ध १४, तटस्थ १३. भारतानं बाजूनं मत दिलं, युरोपीय देश आणि अमेरिका विरोधात गेले. तेव्हापासून खुला आंतरशासकीय कार्यगट जिनिव्यात दरवर्षी बसतो. पहिला मसुदा २०१८ चा. त्यावर सुधारणा होत होत जुलै २०२३ चा अद्ययावत मसुदा आला.

करारासाठी तुम्ही जिनिव्याला आणि दिल्लीला जे पत्र पाठवाल, त्यात सगळा मसुदा कवळायला जाऊ नका. ‘कंपन्यांना जबाबदार धरा’ एवढंच लिहिलेली पत्रं बाजूला पडतात, कारण वाटाघाटी वाक्यावाक्यावर चालतात. कलम ८ कायदेशीर दायित्वाचं आहे. खरेदीदार कंपनीचं दायित्व तिच्या पुरवठादारापर्यंत पोचणार की नाही हे तिथं ठरतं. कलम ९ अधिकारक्षेत्राचं, आणि भोपाळमध्ये फोरम नॉन कन्व्हिनियन्सनं जो दरवाजा बंद झाला तो इथं उघडतो किंवा पुन्हा बंद होतो. कलम ७ दाद मागण्याच्या सोयीचं, पुराव्याचा भार कुणावर हा वाद त्यातला. कारखान्याची कागदपत्रं कंपनीच्या कपाटात असताना ती मजुरानं आणून दाखवावीत ही अपेक्षाच अन्यायाची आहे. कलम १० मुदतीचं. फाउंड्रीवाल्यांनी हे सोडू नये. सिलिका वाळूच्या धुळीनं होणारा सिलिकोसिस बहुधा दहा-दहा वर्षांनी किंवा त्याहून उशिरा उघडा पडतो, म्हणून मुदत धूळ फुफ्फुसात गेल्या दिवसापासून मोजायची नाही, आजाराचं निदान झाल्या दिवसापासून मोजायची, असं स्पष्ट मागा.

कलम ३ व्याप्तीचं आहे आणि तिथं भारत सरकारच आडवं येतं. मूळ ठरावाच्या तळटीपेनुसार करार आंतरराष्ट्रीय व्यवहार असलेल्या उद्योगांपुरता, स्थानिक नोंदणीच्या व्यवसायांना लागू नाही. मसुद्यानं मात्र सर्व व्यवसाय आत घेतलेत. दिल्लीची भूमिका सातत्यानं तळटीपेच्या बाजूची राहिली आहे. तळटीप टिकली तर चिकोडीचा साखर कारखाना सुटेलच, पण त्याची साखर घेणारी शीतपेय कंपनीही ‘छळ तर स्थानिक कारखान्यात झाला’ म्हणत निसटेल. सहकारी कारखान्यांना भीती वाटेल हे खरं, पण बोजा मूळ खरेदीदारावर टाकणारं कलम ८ मजबूत असेल तर दर वाढवून द्यायची वेळ त्याच्यावरही येते. शेतकरी संघटनांशी बोलताना ही बाजू आधी मांडा, नाहीतर तुमच्याच गावातून विरोध होईल.

पुरावा कसा बांधायचा यावर सगळ्यात जास्त वेळ घाला. बहुतेक गट इथंच अडखळतात. दोनशे अंगठ्यांचं निवेदन जिनिव्यात कुणी उलटून पाहत नाही, पण पंधरा-वीस नीट घेतलेले जबाब वाचले जातात. प्रत्येक जबाब दोन पानांचा ठेवा. उचल किती, कुणाकडून, कुठल्या तारखेला, टनाला दर काय ठरला, खाडा पडला की किती कापतात, पहाटे किती वाजता फडात आणि कोपीवर (झोपडीवर) परत कधी. पाहिलेलं वेगळं लिहा, ऐकलेलं वेगळं. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी आणि हिशेब नवऱ्याच्या नावानं, त्यामुळं बाईचं नाव कुठल्याच पावतीवर सापडत नाही. तिचा जबाब स्वतंत्र घ्या, मुकादम आणि नवरा दोघंही जवळ नसताना. मराठवाड्याच्या बोलीतलं बोलणं आहे तसं उतरवा, कन्नड बोलणाऱ्याचं कन्नडमध्येच. इंग्रजी भाषांतराखाली भाषांतर करणाऱ्याची सही आणि तारीख हवी. जबाबावर नावाऐवजी क्रमांक घाला. नावांची यादी एकाच वहीत, वेगळ्या घरी, फोनमध्ये नको.

मग पुरवठ्याची साखळी, म्हणजे फडापासून खरेदीदारापर्यंत मालाचा माग. तोडणीची चिठ्ठी, वजनकाट्याची पावती, मग पोतं. ५० किलोच्या पोत्यावर कारखान्याचं नाव, हंगाम आणि एस-३० किंवा एम-३० अशी प्रत छापलेली असते. मधे व्यापारी आला की माग तुटतो, कारण गोदामात चार कारखान्यांचा माल एकत्र होतो. तिथं ‘ही साखर अमुक कंपनीचीच’ असा दावा करू नका. ‘अमुक कंपनी या कारखान्याकडून साखर घेते’ एवढंच म्हणा, तेही तिच्या प्रसिद्ध पुरवठादार यादीवरून किंवा निविदेवरून. खरेदीदार भारतात सूचीबद्ध असेल तर तिचा बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाच्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा, अहवाल काढा. बाजारमूल्यानं पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना तो २०२२-२३ पासून सक्तीचा आहे. त्यात तत्त्व ३ (कामगारांचं कल्याण) आणि ५ (मानवाधिकार) यांखाली पुरवठादारांची तपासणी किती टक्के केली, हे विचारलेलं असतं. ‘तपासणी केली’ असं लिहिलंय आणि फडात कुणी फिरकलंच नाही, ही तफावत म्हणजे तुमच्या पत्रातला सर्वांत वजनदार परिच्छेद.

फाउंड्रीत माग सोपा असतो. कास्टिंगवर पार्ट नंबर आणि पुष्कळदा हीट नंबर (धातूच्या कुठल्या वितळणीतला ते सांगणारा) उठवलेला असतो. मात्र कामगाराला डिस्पॅचचे कागद आणायला सांगू नका. नोकरी त्याची जाईल, आणि पुरावा चोरीचा म्हणून बाद करायला समोरच्याला कारण मिळेल. त्याची स्वतःची हजेरी स्लिप, पगारपत्रक, एक्स-रे, ठेकेदाराचं ओळखपत्र पुरे. खरेदीदार जर्मन असेल तर एक हत्यार आजच हातात आहे. तिथल्या कायद्यानुसार अप्रत्यक्ष पुरवठादाराकडं उल्लंघन होत असल्याची ठोस माहिती कंपनीला मिळाली, की तिला जोखीम तपासावीच लागते. उद्यमबाग-मच्छेतले पुष्कळ कारखाने असेच दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर आहेत. तारीखवार लेखी तक्रार कंपनीच्या तक्रार खिडकीवर पाठवा, पोच जपा, आणि उत्तर आलं नाही तर या कायद्यावर देखरेख ठेवणाऱ्या बाफा या जर्मन यंत्रणेकडं जा. ही पोच आणि तो नकार, दोन्ही कराराच्या पत्राला जोडता येतात.

पत्रात देशी कायद्याचा संदर्भ जुना राहू देऊ नका. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे आणि चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहेत. पूर्वी पाच स्थलांतरित मजूर असले तरी कायदा लागायचा, आता दहा लागतात. लहान टोळी या फटीतून बाहेर पडते. वेठबिगारीचा १९७६ चा कायदा मात्र आहे तसा आहे आणि उचलीच्या कर्जात अडकवलेल्या मजुराला तोच लागतो.

पत्र पाठवायचे मार्ग तीन. जिनिव्याच्या बैठकीत बोलता येतं ते संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा असलेल्या संस्थेला. हा दर्जा मिळवायला संस्था किमान दोन वर्षं जुनी लागते, अर्जाची मुदत १ जूनला संपते आणि निकाल पुढच्या वर्षावर जातो. एवढं थांबायचं नसेल तर ईएससीआर-नेटसारख्या मानवाधिकार संस्थांच्या जाळ्यातल्या दर्जा असलेल्या संस्थेमार्फत लेखी निवेदन द्या. दुसरा मार्ग परराष्ट्र मंत्रालय. माहिती अधिकारात ‘भारताची वाटाघाटीतली भूमिका’ असं विचारलंत तर परराष्ट्र संबंधांच्या अपवादाखाली नकार येण्याचीच शक्यता जास्त. त्याऐवजी ‘आतापर्यंत बैठकांत जाहीरपणे केलेल्या निवेदनांच्या प्रती आणि त्याआधी कामगार संघटनांशी सल्लामसलत झाली असल्यास तिची इतिवृत्तं’ मागा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. सल्लामसलत झाली नाही असं उत्तर आलं तरी ते कामाचं आहे.

वेळापत्रक उलटं मांडा. बैठक बहुधा ऑक्टोबरच्या सुमारास भरते, नेमका गळीत हंगाम तोंडावर असताना. तेव्हा टोळ्या वाटेवर असतात आणि जबाब मिळत नाहीत. म्हणून जबाब जानेवारी ते मार्च, टोळ्या फडात असतानाच. एप्रिल-मेमध्ये भाषांतर आणि साखळीची जुळणी, जूनपर्यंत कलमवार मसुदा, जुलैत दिल्ली आणि जिनिव्याकडं रवाना.

राहिला पत्राचा तिसरा मार्ग, लोकसभेतला अतारांकित (लेखी उत्तराचा) प्रश्न. पावसाळी अधिवेशन साधायचं, तर प्रश्नाचा मसुदा खासदारांच्या हातात जूनमध्येच हवा, कारण नोटीस पंधरा दिवस आधी द्यावी लागते. इथं एक चूक हमखास होते. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी हे चिकोडी मतदारसंघात आहेत, बेळगाव शहर आणि ग्रामीण बेळगावात. पण खानापूर विधानसभा उत्तर कन्नड लोकसभेत मोडते, तेव्हा खानापूरकरांचं निवेदन बेळगावच्या खासदारांच्या कार्यालयात देऊन उपयोग नाही, ते कारवारकडं जायला हवं.