एफडी मोडून डिझायनिंगचा क्लास लावावा का?

प्रश्न : मी साताऱ्यात एका औषध वितरकाकडे बिलिंगचं काम करते. पगार १८,५००. घरी ७,००० देते, महिनाअखेर चारेक हजार उरतात. मला ग्राफिक डिझायनिंग शिकायचंय. एका क्लासची वर्षाची फी ७८,००० आहे. आधी १२,००० आणि मग ५,५०० चे १२ ‘बिनव्याजी’ हप्ते. एकरकमी भरली तर ६८,०००. शिवाय ७०,००० चा लॅपटॉप आणि ॲडोबीचं सबस्क्रिप्शन घ्या म्हणतात. माझी १,८०,००० ची एकच एफडी आहे. ती मोडू की हप्ते घेऊ? ओळखीचे फ्लेक्सवाले काका म्हणतात, कोरल शीक, बाकी काही लागत नाही. भाऊ म्हणतो, कॅनव्हा पुरे. कोणाचं ऐकू?

उत्तर : आधी हप्त्यांचं बघू. एकरकमी ६८,००० आणि हप्त्याने ७८,०००, म्हणजे व्याजाचे १०,००० फीच्याच आकड्यात मुरवलेले आहेत. १२,००० तुम्ही पहिल्या दिवशी देणार, त्यामुळे खरी उधारी ५६,००० ची. तिच्यापोटी वर्षभरात ६६,००० फेडायचे. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं हे धरून दर काढला, तर तो वर्षाला ३१ टक्क्यांच्या आसपास जातो. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या पंगतीला बसेल असा दर आहे हा. आणि हातात उरतात चार हजार, हप्ता साडेपाचचा. वरचे दीड हजार दर महिन्याला कुठून आणणार, हे पत्रात कुठेच नाही.

असे हप्ते बहुतेक वेळा क्लास स्वतः देत नाही, मागे एखादी फायनान्स कंपनी असते. क्लासला पैसे एकदम मिळून जातात आणि कर्ज तुमच्या नावावर चढतं. पुढे बॅच बंद पडो, सर बदलोत नाहीतर तुमचं मन उडो, हप्ता चालूच राहतो आणि चुकला की सिबिलवर डाग. कागदावर सही करण्याआधी कर्ज कोण देतंय आणि मधेच सोडलं तर किती पैसे परत मिळतात, एवढं लेखी मागा. लेखी द्यायला का-कू केली, तर उत्तर मिळालं असं समजा.

मग एफडी मोडायची का? तेही नको. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याजात अर्धा-एक टक्का कापते, तो मुद्दा किरकोळ आहे. मोठा मुद्दा हा की अडीअडचणीला तुमच्याकडे दुसरं काहीच नाही. फी आणि लॅपटॉप मिळून १,३८,००० गेले की ४२,००० उरतात, आणि डिझायनिंगमधून अजून एक रुपया आलेला नसतो. पुढे खरंच गरज पडली तर एफडी न मोडता तिच्यावर कर्ज काढता येतं. त्याचा दर साधारण एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. ३१ कुठे आणि हा कुठे!

आता काका आणि भाऊ. दोघंही बरोबर आहेत, फक्त दोघांच्या डोळ्यांसमोरचं गिऱ्हाईक वेगळं आहे. सॉफ्टवेअर निवडताना ‘चांगलं कोणतं’ हे विचारूच नका. तुम्हाला पहिले पैसे कोण देणार आहे, हे ठरवा.

लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, बिलबुकं, दुकानाच्या पाट्या हे काम आपल्याकडे वर्षानुवर्षं कोरलड्रॉवर चालत आलंय. जुन्या फायली सीडीआरमध्ये, म्हणजे कोरलच्याच फाइल प्रकारात, मराठी मजकूर बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत. तिथे हात बसलेला ऑपरेटर हवा असतो. प्रेसला फाइल देण्याआधी अक्षरं कर्व्ह करायची, म्हणजे फॉन्टची गरज न उरणाऱ्या आकृत्यांत बदलायची, नाहीतर त्यांच्या मशीनवर फॉन्ट नसला की ‘शुभविवाह’चं भलतंच काही छापून येतं. ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) किती सोडायचा, स्क्रीनवरचा भडक निळा छपाईत का मरतो, गिऱ्हाईक ‘जरा मोठं करा’ म्हणतं तेव्हा नेमकं काय मोठं करायचं, हे दुकानात बसून जितकं लवकर कळतं तितकं क्लासात कळत नाही. काका ओळखीचे आहेत ना? दोन महिने रविवारी त्यांच्याकडे बसायची परवानगी मागा. ऑपरेटरला ते काय पगार देतात, तेही विचारून घ्या. तो आकडा तुमच्या आत्ताच्या पगारापेक्षा कमी निघाला, तर क्लास लावण्याआधीच तुमचे ६८,००० वाचले.

भावाचं कॅनव्हा बेकरीच्या, ब्यूटी पार्लरच्या सोशल मीडिया पोस्टसाठी ठीक आहे. पण जे तुम्ही कॅनव्हावर करता ते पार्लरवाल्या ताईंची भाचीही करू शकते, म्हणून तिथे दर पडलेले असतात. पुण्या-मुंबईच्या एजन्सीत नोकरी करायची असेल तर ॲडोबीचं इलस्ट्रेटर आणि फोटोशॉप यावं लागतं, ॲपचे स्क्रीन करायचे तर फिग्मा. तो पल्ला आज नको.

आज काय करायचं? इंकस्केप हे रेखाटनाचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा. फुकट आहे, भावाच्या साध्या लॅपटॉपवरही चालतं आणि मराठी जोडाक्षरं नीट दाखवतं. नोड (रेषेवरचे बिंदू), पाथ (त्यांना जोडणाऱ्या रेषा), लेअर (एकावर एक थर) हे एकदा इथे समजलं की कोरल किंवा इलस्ट्रेटरमध्ये बटणांच्या जागा तेवढ्या बदलतात. छपाईच्या सीएमवायके रंगांत ते लंगडं आहे. त्यासाठी ॲफिनिटी हे सॉफ्टवेअर पाहा. २०२४ मध्ये ते कॅनव्हाने विकत घेतलं आणि ऑक्टोबर २०२५ पासून मोफत केलं. मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरवर वेळ घालवण्याआधी त्यात ‘विद्यार्थी’, ‘दुसऱ्या’ आणि ‘कृष्ण’ टाइप करून बघा. रफार भलतीकडे गेला किंवा जोडाक्षर फुटलं, तर आपल्या कामाला ते निरुपयोगी. इलस्ट्रेटरमध्येही प्रेफरन्सेसमधून इंडिक ऑप्शन्स चालू केल्याशिवाय मराठी धड उमटत नाही, आणि त्यावरून पोरं सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसतात. फॉन्टसाठी ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू घ्या. खुल्या परवान्याचे आहेत, धंद्याच्या कामातही बिनदिक्कत वापरता येतात. शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे इंकस्केप आणि गिंप (फोटो सुधारण्याचं फुकट सॉफ्टवेअर) यांचे धडे मोफत आहेत.

क्रॅक केलेलं कोरल कोणीतरी पेनड्राइव्हवर देईलच. घेऊ नका. कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमाखाली जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. शिवाय ज्या मशीनवर तुमचं नेटबँकिंग चालतं, तिथे असलं काही टाकणं शहाणपणाचं नाही.

ॲडोबी घ्यायची वेळ आली, तर आधी प्लॅनचं नाव नीट वाचा. महिन्याला पैसे भरायचे पण करार वर्षाचा, असा एक प्लॅन असतो. १४ दिवसांनंतर तो रद्द केला तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मे पैसे भरावे लागतात. ही अट नीट न सांगितल्याबद्दल एफटीसी या ग्राहकहित जपणाऱ्या संस्थेच्या सांगण्यावरून अमेरिकेच्या सरकारने जून २०२४ मध्ये ॲडोबीवर खटलाच भरला होता. काम हातात असेल तेव्हा निव्वळ महिन्याचा प्लॅन घ्या. तो महाग पडतो, पण खर्च त्या कामाच्या बिलात धरता येतो.

तुमच्यासाठी माझा हिशेब असा. नोकरी सोडायची नाही. उरणाऱ्या चार हजारांतले अडीच हजार वर्षभराच्या आरडीत टाका, म्हणजे मुद्दलाचेच ३०,००० होतील. त्यात सोळा जीबी रॅमचा वापरलेला डेस्कटॉप बसू शकेल. बाहेरची कामं सलग तीन महिने दरमहा चार हजारांच्या वर गेली, तर कोरलचा अधिकृत परवाना किंवा एखादा छोटा, एकाच विषयाचा क्लास यांवर खर्च करा, तोही त्याच कमाईतून. वर्षभरात एकही गिऱ्हाईक मिळालं नाही तरी तुमची एफडी शाबूत आणि डोक्यावर कर्ज नाही.

आणि एफडीची मुदत संपेल तेव्हा नूतनीकरण करताना एकाच पावतीऐवजी ६०-६० हजारांच्या तीन पावत्या करा. उद्या दवाखान्याला पैसे लागलेच तर एकच मोडावी लागेल.