किल्ली तुमच्या हातात आली का?

प्रश्न : माझे आजोबा होळकर संस्थानात नोकरीला होते. त्यांच्या वहीत तीन पानं नुसत्या आकड्यांनी भरलेली सापडली. गूढलिपीचे जाणकार म्हणून नाव असलेल्या एका गृहस्थांनी ‘ही अंकपल्लवी आहे’ म्हणत पहिलं पान उलगडून दिलं. उरलेल्या दोन पानांचे पैसे ते आगाऊ मागतात. त्यांच्या नावावर विसंबावं का?
– एक वाचक भगिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, पैसे आत्ताच देऊ नका. आधी किल्ली, म्हणजे कोणत्या आकड्यांचं कोणतं अक्षर होतं त्याचा तक्ता, लिहून मागा. अंकपल्लवीत क-वर्ग, च-वर्ग अशा वर्गाला, वर्गातल्या अक्षराला आणि स्वराला आकडे ठरलेले असतात, त्यामुळे किल्ली अर्ध्या कागदावर मावते. मग दुसरं पान घेऊन तुम्ही स्वतः बसा. मजकूर लागत गेला तर गृहस्थ खरे जाणकार. ‘इथे अक्षरं जरा मागेपुढे करावी लागतात’ असं ऐकू आलं, तर तिथेच थांबा.

मोठं नावही इथे कामी येत नाही. विल्यम न्यूबोल्ड पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, अतिशय सचोटीचे. अनोळखी लिपीतलं, कुणालाच न लागलेलं जुनं व्हॉयनिच हस्तलिखित उलगडल्याचं त्यांनी १९२१ मध्ये जाहीर केलं. भिंगातून अक्षरांत दिसणाऱ्या बारीक रेघा ते लघुलिपी म्हणून वाचत आणि हाती आलेली अक्षरं उलटसुलट जुळवून लॅटिन वाक्यं करत. गूढलिपीचे जाणकार प्राध्यापक जॉन मॅन्ली यांना न्यूबोल्डांबद्दल आदर होता. तरीही १९३१ मध्ये मॅन्लींनी एका लेखात दाखवून दिलं की त्या रेघा म्हणजे सुकलेल्या शाईच्या भेगा आहेत, आणि अशा जुळवाजुळवीतून हवं ते वाक्य निघतं. मला मॅन्लींचा हा लेख फार मोलाचा वाटतो.

याउलट २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या राणी मेरीची ५७ सांकेतिक पत्रं उलगडली ती एक संगणकतज्ज्ञ, एक संगीताचे प्राध्यापक आणि एक भौतिकशास्त्रज्ञ यांनी. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ती इटालियन कागद म्हणून नोंदलेली होती. तिघांनी पूर्ण किल्ली छापली. त्यातल्या काही पत्रांच्या उघड भाषेतल्या जुन्या नकला इंग्लंडच्या दप्तरांत होत्या, त्यांच्याशी मजकूर जुळला.

वही मात्र हातची सोडू नका, झेरॉक्स द्या. आणि त्या गृहस्थांना एवढं जरूर विचारा : आजोबांचा हात मोडीवर बसलेला असेल, तर मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं लिहीत नाहीत, मग तुमच्या किल्लीत इकाराला दोन आकडे आहेत की एकच, आणि का?