आईला उत्तर द्यायचे राहिले आहे

प्रश्न : मी मूळची सातारा जिल्ह्यातली असून गेली बरीच वर्षे इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहते. ८ मे २०२० रोजी दुसऱ्या महायुद्धाच्या युरोपातील समाप्तीला पंचाहत्तर वर्षे झाली. टाळेबंदी असूनही आमच्या गल्लीत प्रत्येकाने आपापल्या दारापुढे टेबल मांडून चहापान केले, पताका लावल्या, दुपारी तीन वाजता चर्चिल यांचे जुने भाषण मोठ्या आवाजात लावले आणि नंतर दोन-दोन मीटर अंतर राखून रांगेने नाचही केला. माझे यजमान आणि नऊ वर्षांचा मुलगा त्यात सामील झाले. मुलाने तर स्वतः रंगवलेला ब्रिटिश झेंडा खिडकीत लावला. मी आत बसून राहिले. इथे कोरोनाने एकतीस हजारांहून अधिक माणसे दगावली असताना नाच कसला, आणि ज्या चर्चिलच्या राजवटीत बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली त्याच्या भाषणाला टाळ्या कशाच्या? माझे आजोबा पत्री सरकारातल्या, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारातल्या, भूमिगतांना रात्री-अपरात्री भाकरी पोचवत असत. त्यांची नात असून मी पताका लावू? पण मार्चमध्ये आम्ही तिघेही तापाने पडलो, तेव्हा याच शेजाऱ्यांनी आमची औषधे आणि वाणसामान दाराशी आणून ठेवले, त्यामुळे त्यांच्या आनंदावर विरजण घालायलाही मन होत नाही. ऐन गलक्यात चारच्या सुमारास गावाहून आईचा फोन आला. (टाळेबंदीमुळे ती तिथे एकटीच आहे, रात्री नऊला झोपते, म्हणून त्याआधी करते.) हा गोंधळ कसला म्हणून तिने विचारले. मी सांगितल्यावर म्हणाली, “म्हणजे थोरल्या आजीचे मालक गेले तीच लढाई का?” मी विषय बदलला. (थोरली आजी म्हणजे आजोबांची भावजय, तिचे मालक ‘मराठा’ पलटणीत होते, ते इटलीत गेले. ती पेन्शन आणायला एस.टी.ने साताऱ्याला जायची, लहानपणी मीही सोबत जात असे.) गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्यासाठी मी एक निवेदन लिहून ठेवले आहे. ते टाकावे की गप्प राहावे? आणि मुलाला काय सांगावे?
— संभ्रमात पडलेली सातारकर
(पत्र संक्षिप्त केले आहे.)

उत्तर : तुमचे मूळ पत्र चार पानांचे आहे. त्यातले दीड पान चर्चिल यांना मिळाले आहे, एक पान गल्लीला, आजोबांच्या भाकऱ्यांना एक भरघोस परिच्छेद, आणि आईच्या प्रश्नाला तीन शब्द : “मी विषय बदलला.” थोरली आजी तर कंसात बसली आहे. मी या तीन शब्दांविषयी आणि त्या कंसाविषयीच बोलणार आहे, कारण तुमच्या चार पानांत उत्तर देण्याजोगा प्रश्न एकच आहे, तो तुमचा नसून तुमच्या आईचा आहे, आणि तो तुम्ही टाळला आहे.

तुमचे आक्षेप आधी आटोपते. बंगालविषयी तुम्ही लिहिले आहे ते खरे आहे. १९४३ च्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली, आणि हिंदुस्थानातून धान्यासाठी जहाजे मागितली जात असताना लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने पुरेशी जहाजे दिली नाहीत, हे आता कोणी गंभीर माणूस नाकारत नाही. मात्र शेजाऱ्यांनी मृतांच्या उशाशी नाच केला, हा तुमचा आरोप मला मान्य नाही. तो सोहळा महामारी येण्याच्या बराच आधी ठरलेला होता; त्यासाठी मे महिन्यातली सोमवारची सुट्टी हलवून शुक्रवारी आणली होती; आणि दीड महिना घरात कोंडलेल्या माणसांना दारात येऊन एकमेकांची तोंडे पाहण्यासाठी ते एक सरकारमान्य निमित्त मिळाले. त्यांनी ते घेतले. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही घेतले असते. मार्चमध्ये आपल्याकडे गॅलऱ्यांतून थाळ्या वाजल्याच की.

आता कंसाकडे येते. एकाच घरातले दोन भाऊ. धाकटा रात्री भाकऱ्या बांधून भूमिगतांकडे जातो, थोरला गणवेश चढवून समुद्रापलीकडे जातो आणि परत येत नाही. धाकट्याची गोष्ट तुम्ही मला, एका अनोळखी बाईला, अभिमानाने सांगता. थोरल्याचे नावसुद्धा लिहीत नाही. मला दाट संशय आहे की ते तुम्हाला ठाऊकच नाही. “थोरल्या आजीचे मालक” एवढीच त्यांची ओळख तुमच्या घरात उरली आहे, आणि आजी गेल्यावर तीही फक्त तुमच्या आईपाशी उरली आहे. ८ मे रोजी तुम्हाला दाराबाहेर पडू दिले नाही ते केवळ चर्चिलने, असे तुम्ही म्हणता. मला वाटते, त्या दिवशी पताका लावणे म्हणजे आजोबांशी प्रतारणा आणि न लावणे म्हणजे त्यांच्या भावाला दुसऱ्यांदा पुसून टाकणे, अशी तुमची कोंडी झाली होती. आणि तुम्ही त्यातली पहिलीच बाजू स्वतःला दिसू दिली.

त्या थोरल्या भावाची लाज वाटण्याचे काही कारण नाही, हे मी तुम्हाला बजावून सांगते. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात ज्या सातारा जिल्ह्यात चालले, त्याच जिल्ह्यातल्या गावोगावचे तरुण त्याच वर्षांत फौजेत होते. त्या युद्धात हिंदी सैन्याची संख्या पंचवीस लाखांवर गेली, आणि त्यात सक्तीची भरती नव्हती. मग ते का गेले? कोरडवाहू जमिनीचे तुकडे होत होत वाट्याला काही उरत नव्हते म्हणून, बाप आणि चुलते पलटणीत होते म्हणून, दोन वेळचे जेवण आणि दरमहा पगार मिळत होता म्हणून. इंग्रजांच्या राजावर त्यांचे प्रेम होते असे मानण्याचे कारण नाही. उलट मला तुम्हालाच विचारायचे आहे की आजोबा ज्या भाकऱ्या पोचवत होते, त्यांचे पीठ कोणत्या पैशाचे होते? त्या काळच्या शेतकरी घरात रोख रक्कम यायची ती पुष्कळदा पलटणीतल्या मुलाच्या मनिऑर्डरीने. तुमच्या घरातही तसेच असेल, तर पत्री सरकारच्या त्या भाकरीत थोरल्या भावाचा पगार मळलेला होता, आणि हे त्या दोन भावांना ठाऊक असणारच. ज्या संमिश्र भावनेचा तुम्हाला आज एवढा अचंबा वाटतो आहे, ती त्या घरात रोज एका चुलीवर शिजत होती आणि तिच्यामुळे कोणाचे अडत नव्हते.

इटलीविषयीही थोडे सांगते, कारण ‘इटलीत गेले’ या दोन शब्दांखाली काय आहे याचा तुम्ही कधी शोध घेतलेला दिसत नाही. तिथे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी लढल्या. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे आपल्या तुकडीतली बाकीची सगळी माणसे पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, ते ठाणे त्यांनी घेतले आणि तिथेच त्यांना गोळ्या लागल्या. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे पोचवले, मग हाताला जखम झालेली असताना शत्रूची तीन ठाणी मोडली आणि काठावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना करीत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा शौर्यासाठीचा सर्वोच्च सन्मान, मिळाला. इटलीतल्या जर्मन फौजांची शरणागती २ मे रोजी अमलात आली, म्हणजे सेनिओच्या त्या दिवसानंतर महिनाभरसुद्धा युद्ध चालले नाही. या दोघांची नावे मी सांगते आहे ती छाती फुगवण्यासाठी सांगत नाही. घाडगे यांच्यासारख्या व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या वीराचीही कबर कुठे आहे हे माहीत नाही, त्यांचे नाव कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे. मग तुमच्या थोरल्या आजीच्या हाती तिच्या मालकांचे काय आले असेल, याचा तुम्ही विचार करावा म्हणून सांगते आहे.

तिच्या हाती कागद आला. देह आला नाही, अस्थी आल्या नाहीत, शेवटचे तोंड कोणी पाहिले नाही. फोर्लीजवळ हिंदी सैनिकांची जी स्मशानभूमी आहे, तिथे एक स्मारक केवळ अशा शेकडो जवानांचे आहे की ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी देण्यात आला. तो देताना बाप, भाऊ, मुलगा यांपैकी कोणी जवळ नव्हते, पलटणीतले सोबती होते. बाई, तुमच्या देशात गेले दोन महिने हेच चालले आहे. रुग्णालयातून एक फोन येतो, अंत्यविधीला मोजकी माणसे जातात, बाकीचे पडद्यावर पाहतात. वर्तमानपत्रांना आणि मंत्र्यांना महामारीची युद्धाशी तुलना करायला फार आवडते. ते धीर, शिस्त, भावना न दाखवणारा खंबीरपणा यांविषयी बोलतात. खरे साम्य कुठे आहे हे तुमच्या थोरल्या आजीला विचारले असते तर तिने एका वाक्यात सांगितले असते. ८ मे १९४५ रोजी तिच्या गावात कोणी पताका लावल्या असल्या, तर तीही तुमच्यासारखीच आत बसून राहिली असेल. आणि विलायतेतही त्या दिवशी आत बसलेली घरे पुष्कळ होती : ज्यांची माणसे परत येणार नव्हती ती, आणि ज्यांची मुले अजून ब्रह्मदेशात जपान्यांशी लढत होती ती, कारण तिकडचे युद्ध ऑगस्टपर्यंत संपले नाही. तेव्हा सोहळ्याच्या दिवशी आत बसणारी बाई ही त्या सोहळ्याची शत्रू असते, हा गैरसमज तुम्ही मनातून काढून टाकावा. ती त्या दिवसाचाच भाग असते.

पण तुमची आई आत बसलेली नव्हती. तिने विचारले. गावात एकटी, दाराला कडी, शेजारीपाजारीही येईनासे झालेले, अशा संध्याकाळी तिने लेकीला फोन लावला, मागून गाण्याचा आवाज ऐकला, आणि इतक्या वर्षांनी, इतक्या मैलांवरून, तिने विलायतेतल्या त्या नाचाचे आणि तुमच्या सोप्यातल्या त्या पांढऱ्या कपाळाच्या बाईचे नाते एका क्षणात जोडले. तुमचे शिक्षण, तुमची चार पाने आणि तुमचे ते निवेदन यांना जे जमले नाही ते तिला जमले. आणि तुम्ही काय केलेत? बहुधा भाजीचा भाव विचारलात. मला याचा राग आला आहे, आणि तो मी लपवत नाही.

तेव्हा तुम्ही एकच गोष्ट करायची आहे. आईला फोन करून सांगा, “हो, तीच लढाई.” मग तिला बोलू द्या. ती थांबली की तिच्याकडून चार गोष्टी लिहून घ्या : थोरल्या आजोबांचे पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, गाव आणि तालुका जसे तेव्हा म्हणत तसे, आणि थोरल्या आजीचे सासरचे नाव. हे शेवटचे विसरू नका. दोन्ही महायुद्धांतल्या राष्ट्रकुलाच्या मृत सैनिकांची नोंद ठेवणारा जो युद्धकबर आयोग आहे, त्याची सूची कोणालाही विनामूल्य पाहता येते. नाव, पलटण आणि देश टाकून शोधता येते. हिंदी सैनिकांच्या नोंदीत पुष्कळदा ‘अमक्याचा मुलगा, अमकीचा पती, राहणार अमुक, सातारा’ असा तपशील असतो. म्हणजे ज्या बाईचे नाव तुमच्या पत्रात एकदाही आले नाही, ते त्या सूचीत इंग्रजीत छापलेले असण्याची चांगली शक्यता आहे. त्या आयोगाचे मुख्य कार्यालय मेडनहेडला आहे, तुमच्या रेडिंगपासून रेल्वेने दोन स्थानकांवर. इतकी वर्षे त्या स्थानकावरून तुम्ही लंडनला जात-येत असाल.

एक व्यावहारिक सूचना करते. मराठी नावे इंग्रजीत लिहिताना पलटणीच्या कारकुनांनी कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले आहे, त्यामुळे आडनावाचे सगळे संभाव्य हिज्जे घालून पाहावेत आणि पहिल्या प्रयत्नात सापडले नाही तर वडिलांच्या नावावरून व गावावरून ताडून पाहावे. तरीही सापडले नाही तर आयोगाला लिहावे.

मुलाला वेगळे काही सांगू नका. फोन चालू असताना त्याला शेजारी बसवा आणि चार नावे त्याला लिहायला लावा. त्याचा झेंडा खिडकीत आहे तसाच राहू द्या. यजमान नाचले याचा हिशेब मागू नका. त्यांचे चुकलेले नाही. आणि गटावर टाकण्याचे निवेदन आजच पुसून टाका. त्यात बंगाल आहे, चर्चिल आहे, साम्राज्य आहे, पण तुमच्या घरचे कोणीही नाही, आणि ज्या माणसांनी तुमच्या दाराशी औषधे आणून ठेवली त्यांना एवढे परके भाषण ऐकवण्याचा तुम्हाला अधिकार नाही. नाव सापडल्यावर त्यांच्यापाशी बोलायला १५ ऑगस्ट येतोच आहे. त्या दिवशी जपानवरच्या विजयालाही पंचाहत्तर वर्षे होतील, आणि आपला तर तो दिवस आहेच. गल्लीत पुन्हा टेबले मांडली गेली तर तुम्ही आपले टेबल मांडा, दोन्ही भावांची नावे सांगा, भाकरीची गोष्ट सांगा आणि बंगालचीही सांगा. दोघांच्या नातीने सांगितलेले बंगाल त्यांना ऐकावे लागेल.

तोवर मात्र गल्ली थांबू शकते, आई थांबू शकत नाही. ती नऊला झोपते असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे तुमच्या घड्याळात साडेचार वाजायच्या आत फोन करा, आणि बोलायला पुरेसा वेळ मिळावा म्हणून तीनलाच करा.