घर विकायचंय? आधी ओल काढा

प्रश्न : डोंबिवलीत १९९६ सालच्या इमारतीत आमचा टू बीएचके फ्लॅट आहे, चटई क्षेत्र ५२० चौरस फूट. दिवाळीनंतर विकायचा आहे. दुरुस्तीसाठी दोन लाख रुपये बाजूला काढलेत. एजंट म्हणतो, मॉड्युलर किचन करा, भाव चढेल. पण बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत खालून दोन फूट ओली असते. आधी काय करावं?

उत्तर : भिंत. मॉड्युलर किचनचा विचार सोडून द्या. ट्रॉल्या, सनमायकाचा रंग हा घेणाऱ्याच्या आवडीचा मामला आहे. ताबा मिळाल्यावर पुष्कळ जण ते उचकटून आपल्या मनासारखं करतात. ओल मात्र घर बघायला आलेल्या प्रत्येकाला दिसते, आणि मग तो एका भिंतीचा नाही, अख्ख्या घराचा भाव पाडून मागतो.

पाणी कुठून येतं ते आधी शोधा. खालच्या शेजाऱ्यांना कल्पना द्या, मग नहाणी ट्रॅपचं, म्हणजे पाणी वाहून जाणाऱ्या जाळीखालच्या भोकाचं तोंड घट्ट बंद करा, उंबऱ्यावर सिमेंटची छोटी पाळ घाला आणि बाथरूममध्ये दीड इंच पाणी २४ तास उभं ठेवा. पातळीची पेन्सिलने खूण करा. पाणी ठळक उतरलं किंवा खालच्यांच्या छताला ओल आली, तर दोष फरशीच्या सांध्यांत, ट्रॅपच्या जोडात किंवा खालच्या कोब्यात (फरशीखालच्या भरावाच्या थरात) आहे. पातळी तशीच राहिली, तर भिंतीतल्या पाइपवर संशय घ्या. त्या काळातल्या इमारतींत बहुधा जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप असतात आणि ते आतून गंजतात. प्लंबरकडून पंपाने दाब देऊन लाइन तपासून घ्या. दाब टिकत नसेल तर तेवढी लाइन सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची) करा. बाहेरून जाणारा ड्रेनेज पाइपही बघा. तो गळत असेल तर दुरुस्ती सोसायटीची. आतली गळती तुमच्या खर्चाने.

फरशी वर्षानुवर्षे अ‍ॅसिडने धुतली की सांध्यांतलं सिमेंट खाल्लं जातं. दोष एवढाच असेल तर सांधे दोन-तीन मिलिमीटर खरवडा, पूर्ण वाळू द्या आणि इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा, पाणी न शोषणारा मसाला) भरा. ओल्या सांध्यात ते धरत नाही, इथेच घाईत काम फसतं. तेवढ्याने भागलं नाही, तर फरशी आणि कोबा स्लॅबपर्यंत काढून वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यावे लागतील, दुसरा हात पहिल्याला आडवा, आणि भिंतीवर किमान एक फूट वर चढवलेला. नवी फरशी बसण्याआधी ४८ तास पाणी उभं करून बघितल्याशिवाय मिस्त्रीचं शेवटचं बिल देऊ नका.

पाणी थांबल्यावरच बेडरूमच्या भिंतीला हात लावा. ओलीच्या खुणेच्या एक फूट वरपर्यंत प्लास्टर विटेपर्यंत काढा. नवं प्लास्टर सात दिवस पाणी मारून पिकवा, मग तीन-चार आठवडे वाळू द्या. वाळलं की नाही हे ओळखायला फूटभर प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर पुट्टी लावू नका, पोपडे धरणारच. दिवाळीनंतर विकायचं असेल तर हे काम पावसाळ्याच्या तोंडावर नको, त्याआधीच सुरू करा.

ओलीवर पीव्हीसी पॅनेल ठोकून मोकळं व्हायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायला हवा.

उरलेल्या पैशांतून वायरिंग. जुन्या फ्यूजच्या जागी एमसीबी (जास्त भार आला की आपोआप बंद पडणारं बटण) आणि शॉकपासून वाचवण्यासाठी वीजगळती होताच पुरवठा तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवा, अर्थिंग तपासा. गीझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर हवी, तिथे अनेकदा १.५ ची सापडते. गळके नळ, फ्लशचा वॉशर, अडकणाऱ्या खिडकीची चाकं ही कामं किरकोळ आहेत, पण घर बघणारा नेमकं तेच हाताळून बघतो. रंग सगळ्यात शेवटी, फिका आणि घरभर एकच. भिंती आणि छत मिळून तुमच्याकडे १,७०० ते १,८०० चौरस फूट भरतील. दोन हातांना १६ ते १८ लिटर इमल्शन धरा.

प्रश्न : आम्ही बाल्कनी हॉलमध्ये घेतली आहे. फरशी समपातळीत आणायला चार इंच भराव टाकला होता. विकण्याआधी हे पूर्ववत करावं का?

उत्तर : भराव काढाच. चार इंच भरावाचं वजन चौरस फुटाला सुमारे २० किलो, म्हणजे ४० चौरस फुटांच्या बाल्कनीवर ८०० किलो. बाल्कनीचा स्लॅब बहुतेक ठिकाणी एकाच बाजूला धरलेला असतो. त्याच्या वरच्या सळ्यांवर हा ताण कायमचा बसतो. भराव फोडताना मोठा ब्रेकर वापरू देऊ नका, छिन्नी-हातोड्याने किंवा लहान मशीनने काढा. बंदिस्त केलेल्या भागाचं काय करायचं, हे मंजूर नकाशा आणि महापालिकेची परवानगी बघून ठरवा. परवानगी असेल तर कागद फाइलला लावा. नसेल तर गृहकर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यांकनकर्ता नकाशाशी ताडून बघेल आणि व्यवहार ऐन वेळी अडेल. भिंत पाडताना तुळई किंवा कॉलमला धक्का लागला असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्न : हा खर्च भांडवली नफ्यातून, म्हणजे घर विकून झालेल्या करपात्र नफ्यातून वजा होतो का?

उत्तर : रंगरंगोटी आणि नेहमीची दुरुस्ती साधारणपणे धरत नाहीत. घरात कायमची भर घालणारं काम सुधारणेचा खर्च म्हणून दाखवता येतं. त्यासाठी बिल घरमालकाच्या नावाने आणि पैसे बँकेतून दिलेले असावेत. काम संपल्यावर बिल गोळा करायला गेलं की ठेकेदार फोन उचलत नाही, म्हणून पहिल्या हप्त्यापासूनच मागून घ्या.