दिवेलागण किती वाजता?

अलास्कातल्या फेअरबँक्सला नोकरी मिळतेय, पण हिवाळ्यातला अंधार सोसेल का, आणि तिथे हौसेखातर विमान शिकता येतं ते खरं का, असं विचारलंयस. ताई म्हणालास म्हणून अरेतुरे करते. व्हिसा, पगार, घरभाडं यांची माहिती कुठेही मिळेल, ती सोडून देते.

२१ डिसेंबरला सूर्य ११च्या सुमाराला उगवतो आणि पावणेतीनच्या आत मावळतो. २१ जूनला मावळतो रात्री पावणेएकच्या सुमाराला आणि ३ला परत हजर. मधे काळोख नाहीच, नुसती कातरवेळ. सासूबाई उन्हाळ्यात आल्या होत्या, तर निरांजन हातात धरून विचारायच्या, "अगं, दिवेलागण किती वाजता करायची?" शेवटी मिरजेच्या घड्याळाने लावायला लागल्या. तिकडे संध्याकाळचे ७ म्हणजे इथे पहाटे साडेपाच.

गंमत म्हणजे विमानांचंही तसंच. बाकी अमेरिकेत सूर्यास्ताला विमानाचे दिवे लावावे लागतात. अलास्कात मात्र सूर्य क्षितिजाच्या ६ अंश खाली गेला, किंवा ३ मैलांवरची बिनदिव्याची मोठी वस्तू दिसेनाशी झाली, की मग. जूनमध्ये सूर्य तेवढा खाली जातच नाही. रात्री ११ला छोटं सेस्ना विमान घेऊन तानाना नदीवर जायचं, पाणी तांब्याच्या परातीसारखं दिसतं. त्यासाठी ये, बाकी कशासाठी नको.

पण आधी कागद. परदेशी नागरिकाला विमान शिकायचं तर सुरक्षा तपासणी, बोटांचे ठसे. माझ्या डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं, वैद्यकीय दाखल्यावर मधलं नावच गायब. एका कार्यालयातल्या बाईने विचारलं, "या तिघी कोण?" या एका प्रश्नात ७ आठवडे गेले, अख्खा जून गेला. अजून आठवलं की डोकं तापतं.

परवाना पुढच्या जुलैत मिळाला. त्यासाठी ३ तास रात्रीचं उड्डाण लागतं, पण इथे उन्हाळ्यात रात्रच नाही, म्हणून अलास्कात राहून शिकणाऱ्याला सूट आहे: परवान्यावर 'रात्री उड्डाणास मनाई' लिहून देतात आणि १२ महिन्यांत ते तास पुरे करायचे. नाही केले तर परवाना निलंबित.

माझा निलंबित आहे. सगळ्यांना सांगते, थंडी. उणे ४०मध्ये इंजिनावर गोधडी घालून, हीटर लावून तासन्‌तास तापवत बसायचं, कोण करणार? पण सप्टेंबरात रात्रही असते आणि अशी थंडीही नसते. मी शिक्षकांना दोनदा वेळ दिली आणि दोनदा मुलाला ताप आहे म्हणून कळवलं. मुलगा शाळेत होता. दिवसा त्याच धावपट्टीवर मी हसत उतरायचे. काळोखात खाली जंगल आहे की नदी तेच कळणार नाही, या विचाराने हात गार पडतात. नवऱ्यालाही हे सांगितलेलं नाही, तुला कसं सांगतेय कोण जाणे.

एकटेपणाचं विचारलंस. असतो.

नोव्हेंबरात येऊ नकोस. फेब्रुवारीच्या मध्याला ये, तेव्हा दिवस रोज साडेसहा मिनिटांच्या आसपास वाढतो, जेवताना लक्षात येतं. आणि निघण्याआधी सगळ्या कागदांवर नाव एकच आहे ना, ते बघ. वडिलांच्या नावासकट.